पत्र्याला दिलेले ग्रेस मार्क

तंत्रनिकेतनात मी सव्वीस वर्षं एकच विषय शिकवला: कोणती वस्तू कशाची करावी. पूल कशाचा, पाइप कशाचा, स्प्रिंग कशाची. लोखंड कुठे वापरावं आणि कुठे त्याला हातही लावू नये, हे माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज झोपेतसुद्धा सांगतील. मी स्वतः मात्र आयुष्यात एकच वस्तू निवडली, बनवून घेतली आणि रस्त्यावर आणली. ती सतरा किलोमीटर टिकली.

मुंबईला जायचा द्रुतगती मार्ग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. आमच्याकडे फिक्या निळ्या रंगाची, चौकोनी डब्यासारखी जुनी मोटार होती. पेठांमधून ती गरिबासारखी वागायची. द्रुतगती मार्गावर काटा सत्तरच्या पुढे गेला की तिचं नाक हलकं व्हायचं आणि स्टिअरिंग नुसतंच हातात ठेवायला दिल्यासारखं वाटायचं. शेजारून ट्रक गेला की आम्ही अर्धा हात डावीकडे.

"अहो, ही चाललीये की उडतीये ते एकदा ठरवा," बायको म्हणाली. "उडत असेल तर मी खिडकी लावून घेते."

फुटपाथवर घेतलेल्या एका परदेशी मासिकात मला निदान सापडलं. वेगात हवा गाडीच्या पोटाखाली घुसते आणि पुढचा भाग उचलते. उपाय म्हणजे बंपरखाली, जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी एक आडवी पट्टी लावायची. हवा खाली शिरत नाही, बाजूने निघून जाते, गाडी रस्ता धरते. त्या पट्टीला एअर डॅम म्हणतात. माझ्या गाडीला बसेल असा तयार एअर डॅम बाजारात नव्हता. असता तरी मी घेतला नसता. जी वस्तू घरी करता येते ती विकत घेणं हे आमच्या घराण्यात व्यसनात धरतात.

जुन्या गाड्या पाळणारे आम्ही तिघं होतो. मी, माझा शाळासोबती असलेला एक होमिओपॅथीचा डॉक्टर आणि खडकीला राहणारे एक निवृत्त मेजर. दर रविवारी सकाळी मेजरांच्या बंगल्याच्या आवारात बॉनेटं उघडी टाकून आम्ही एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायचो. तिघांच्याही गाड्यांचं पत्र्याचं काम एकाच माणसाकडे असायचं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. भवानी पेठेच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आजोबा टांग्यांची कामं करायचे, वडील बसगाड्यांची, आणि हे आमची. साठीला आले होते. ठोकलेल्या गाडीभोवती न बोलता एक फेरी मारायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे. एकदा मी मडगार्ड चेपवून नेलं आणि चूक माझी नव्हती असं लांबलचक सांगितलं. चाचांनी चेप बोटाने चाचपला, बोटाला लागलेला चुना पाहिला आणि म्हणाले, "हो ना मास्तर. भिंती हल्ली फार बेफाम चालतात."

त्या वर्षी चाचांचं अर्धं दुकान रस्तारुंदीत गेलं होतं. उरलेलं अर्धं पाडव्यापर्यंत सोडायचं होतं. मेजरांच्या आवारात एक मोठं गॅरेज रिकामं पडलं होतं. वीज होती, पाणी होतं, दाराशी आंब्याची सावली होती. एका रविवारी चाचांनी सगळ्यांसमोर, मान खाली घालून विचारलं, "साहेब, ते गॅरेज भाड्याने द्याल का?" त्या माणसाला मी त्याआधी कधी काही मागताना पाहिलं नव्हतं.

मेजर म्हणाले, "बघू. चेप काढणं वेगळं आणि नवीन वस्तू उभी करणं वेगळं. एखादं नवं काम करून दाखवा. मी त्या गाडीत बसून बघतो. पसंत पडलं तर चावी तुमची."

"माझा एअर डॅम आहे की," मी म्हणालो. "तोच करू दे चाचांना."

मी चाचांवर उपकार करतोय अशी तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती.

वास्तविक मी गाडी त्यांच्या दारात उभी करून घरी यायला हवं होतं. पण साहित्याची निवड हा माझा विषय. तो मी एका डेंटरवर सोपवला असता तर दुसऱ्या दिवशी वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो? मी पंधरा दिवसांची चाचणी मोहीम आखली.

पहिला उमेदवार प्लायवूड. नमुन्यासाठी घरात चांगलं गुळगुळीत प्लायवूड एकच होतं, ते म्हणजे कॅरम बोर्ड. तो बायकोचा. लग्नाआधी ती कॉलनीच्या स्पर्धेत लागोपाठ जिंकायची, आणि तो बोर्ड तिने माहेरून आणला होता. मी फक्त एका कडेची पट्टी कापली. ती न्हाणीघरात बादलीत दोन दिवस बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिचे पापुद्रे सुटून ती चिरोट्यासारखी फुलली. बायकोने ती बादलीतून काढली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "उरलेल्या तीन बाजूंनी खेळायचं का आता?"

प्लायवूड नापास.

दुसरा उमेदवार, पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप. त्याची पट्टी कापली, स्टोव्हवर शेकून सपाट केली, वर बत्ता ठेवला. सकाळी बत्ता जमिनीवर आणि पट्टी पुन्हा गोल. तीन वेळा शेकली, तीन वेळा गोल. आपण पिंप होतो हे ती विसरायलाच तयार नव्हती. शिवाय घराला असा काही वास लागला की समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "तुमच्याकडे काही जळतंय की तुम्ही जाळताय?"

तिसरं ॲक्रिलिक. दुकानांच्या पाट्यांना लावतात ते. दिसायला राजबिंडं. जिन्याच्या पायरीवरून खाली ओढत नेऊन त्याची गतिरोधक-चाचणी घेतली. दुसऱ्याच पायरीवर त्याचे अकरा तुकडे झाले आणि बारावा माझ्या अंगठ्यात गेला. डॉक्टरने साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "दिवसातून चार वेळा घे. पट्टीला नाही, तुला."

अंगठ्याला चिंधी बांधून मी भवानी पेठेत गेलो. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आतून एक काळा जाडजूड पट्टा आणून माझ्या पायाशी टाकला. मांजरी गावाकडच्या भंगारात मिळालेला, साखर कारखान्यात ऊस वाहून नेणारा रबरी पट्टा होता, आत कापडाचे थर असलेला.

"हा लावा. खाली घासला तर वाकेल, पुढे गेलं की सरळ होईल."

"हत्तीच्या कानासारखा दिसेल हो चाचा."

"हत्ती कधी कानामुळे अडकून पडलेला ऐकलाय?"

मी हसलो. वाक्य चांगलं होतं. पण मी घरी येऊन रीतसर तक्ता आखला. ताकद, वजन, पाण्यात टिकणं, कामाला सोपं असणं, दिसणं, असे पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. परीक्षेला चार जुने उमेदवार आणि पाचवा नवा, दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. दिसण्यात रबराला मी दहापैकी दोन दिले, त्यातला एक स्वच्छतेचा. तरीही बेरीज झाली तेव्हा रबर सदतीस आणि पत्रा पस्तीस.

हा निकाल मला मान्य नव्हता. पत्र्याला रेघ होती, धाक होता. सव्वीस वर्षं मी ज्याची स्तुती करत आलो ते पोलाद एका भंगारातल्या पट्ट्याकडून हरतंय हे मला बघवेना. आमच्याकडे हुशार मुलगा थोडक्यात राहिला तर वर काढायची सोय असते. मी पत्र्याला तीन ग्रेस मार्क दिले. कारणाच्या जागी "शिस्त" असं लिहिलं. वाकता येणं हा गुण माझ्या तक्त्यात नव्हताच, त्यामुळे त्याचे मार्क द्यायचा प्रश्न आला नाही.

मग ड्रॉइंग काढलं, मोजमापांसह. खाली "मंजूर" लिहून सही ठोकली आणि ते चाचांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"पत्रा? आणि सरळ चासीला ब्रॅकेट?"

"हलता कामा नये."

"मास्तर, रस्ते पुण्याचे आहेत."

"म्हणून तर पक्कं पाहिजे."

चाचांनी ड्रॉइंग खाली ठेवलं. "एक सांगू? एरवी तुम्ही गाडीला तुळशीवृंदावन लावा म्हणालात तरी लावून दिलं असतं. पण हे काम मेजरसाहेब बघणार आहेत. माझी जागा आहे या कामावर. एवढं एक मला माझ्या मनाने करू द्या."

"चाचा, हा विषय मी शिकवतो."

 चाचांनी पत्रा कापायची कात्री उचलली.

काम त्यांनी असं केलं की माझ्या मूर्खपणाला इतके सुबक कपडे पुन्हा कुणी घातले नाहीत. कडा आत मुडपलेली, रिव्हेट एका ओळीत, रंग बंपरशी असा जुळवलेला की जोड दिसू नये. चाचा त्याला दाढी म्हणाले. "तुमच्या गाडीला दाढी आली मास्तर. आता तरी तिला अक्कल येवो."

परीक्षेचा रविवार आला. डॉक्टरच्या एका पेशंटचं मांजरीला शेत होतं, तिथे हुरड्याचं बोलावणं होतं. मेजर माझ्या गाडीत पुढे बसले. कडक इस्त्रीची पांढरी पँट, आणि चहाचा मोठा थर्मास दोन गुडघ्यांमध्ये धरलेला. डॉक्टर त्याच्या गाडीतून मागे. निघण्याआधी मेजरांनी वाकून दाढीवरून बोट फिरवलं. रिव्हेट मोजल्यासारखे पाहिले. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "हात आहे या माणसाला." चाचा तिथे नव्हते. ते त्यांच्या अर्ध्या दुकानात बसून काय निरोप येतो याची वाट बघत होते.

हडपसरपर्यंत गाडी खरोखरच छान चालली, म्हणजे रस्त्याला धरून चालली. मेजर म्हणाले, "आज तुमची गाडी जबाबदार वाटतेय." मांजरीच्या रस्त्याला लागल्यावर मी थोडा वेग घेतला. गावाच्या तोंडाशी गावकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर दगड-माती टाकून एक गतिरोधक घातला होता. त्याला रंग नव्हता, फलक नव्हता. मला तो दिसला. चार बोटांत बसेल असा मी हिशेब केला.

पत्रा वाकला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तो शेवटपर्यंत शिस्तीत राहिला. वाकले ते ब्रॅकेट. सबंध दाढी ताठच मागे कलंडून गाडीखाली गेली, तिचं उजवं टोक चाकात घुसलं, टायर फुटला आणि गाडी वळून उसाच्या पाटात नाक खुपसून उभी राहिली. थर्मासचं झाकण उडालं. चहा मेजरांना जिथे सांडायला नको तिथे सांडला, आणि तो ताजा होता.

उसातून एक शेतकरी बाहेर आला. त्याने गाडीमागे रस्त्यावर उमटलेली खोल रेघ पाहिली.

"आवं सायेब, ह्यो नांगर लावलाय व्हय गाडीला? मग बैलच जुपायचं की."

मेजर बाहेर येऊन पाय फाकवून उभे होते. पांढरी पँट तपकिरी झाली होती. एका युद्धावर जाऊन आलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाटातलं पाणी ओंजळीने घेऊन ते पँटवर मारत होते आणि शेतकरी नम्रपणे म्हणत होता, "त्येच्यात युरिया सोडलाय, जरा बेतानं."

तेवढ्यात डॉक्टर गाडीतून उतरला. मेजरांनी विचारलं, "हे असलं कोणी केलं?"

"चाचांनी," मी म्हणालो.

इथपर्यंत खरं होतं. इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मेजर माझ्याकडे बघत होते, डॉक्टर बघत होता, तो शेतकरीसुद्धा बघत होता, आणि सव्वीस वर्षं हाच विषय शिकवणारा मी चिखलात उभा होतो.

"मी रबर लावा म्हणत होतो," मी म्हणालो. "ऐकलं नाही त्यांनी."

 मेजरांनी थर्मास उलटा करून पाहिला. हुरडा आम्ही खाल्ला. मेजरांनी उभ्याने खाल्ला.

माझी एक खोड आहे. माझे स्वतःचे घोटाळे मी रंगवून सांगतो, आणि लोक हसले की मला तो घोटाळा सार्थकी लागल्यासारखा वाटतो. या घोटाळ्याचं मी तसंच केलं, फक्त माणूस बदलला. स्टाफरूममध्ये सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, न्हाव्याकडे दाढी करताना सांगितला. मेजरांची चाल करून दाखवायचो, शेतकऱ्याचा आवाज काढायचो. चाचांचा तर फारच छान काढायचो. हत्तीच्या कानाचं वाक्य मी स्वतःच्या तोंडी घातलं आणि "पक्कं पाहिजे" हे चाचांच्या. लोक पोट धरून हसायचे. डॉक्टर मागून पुरवणी जोडायचा, "त्या चाचाला म्हणावं, पुढच्या वेळी रणगाडाच दे करून." पहिल्या महिन्यात मी ठरवत होतो की पुढच्या रविवारी खरं सांगून टाकू. दुसऱ्या महिन्यात गोष्ट इतकी बसली होती की तिला हात लावायला जीव होईना.

मेजरांनी गॅरेजला नाही म्हणून कळवलं. पाडव्याच्या आठवड्यात चाचांनी दुकान आवरलं. पुतण्याने वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावर पत्र्याची शेड टाकली होती, तिथे ते गेले. टेम्पो भरायला जाऊन उभं राहणं माझं काम होतं. मी प्रॅक्टिकल परीक्षा घेत होतो. त्या वर्षी मी इतरांच्याही परीक्षा मागून घेतल्या.

श्रावणात घरी पाहुणे होते. त्यांनी फर्माईश केली आणि मी गोष्ट सांगितली. पाहुणे गेल्यावर बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, "अहो, मेजरांचा भाग तुम्ही किती निवांत सांगता. पत्रा कोणी निवडला तो भाग मात्र दर वेळी गाडी चुकत असल्यासारखा उरकता."  ती पुढे म्हणाली, "माझा कॅरम बोर्ड गेला त्याचं मी काही धरून बसले नाही. त्या माणसाची जागा गेली."

दुसऱ्या दिवशी मी खडकीला गेलो. मेजर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं: पत्रा माझा, ड्रॉइंग माझं, रबर चाचांचं, मी खोटं बोललो.

मेजरांनी पेपरची घडी घातली. "मला माहीत आहे, प्रोफेसर."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो येऊन तुमचं ड्रॉइंग दाखवून गेला होता. म्हणाला, साहेब, काम माझं आहे, पत्रा मास्तरांचा आहे, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही पाटात उभं राहून बोललात ना, तेव्हा मला आधी भाजल्याचं वाईट वाटलं आणि मग तुमचं."

"मग गॅरेज का नाही दिलंत?"

मेजरांनी गॅरेजकडे पाहिलं. दार उघडंच होतं. आत एक सायकल आणि रद्दीचे गठ्ठे होते.

"द्यायचंच नव्हतं हो. सगळ्यांसमोर मागितलं त्याने, तोंडावर नाही कसं म्हणणार? इतकी वर्षं माझी गाडी करतोय. म्हणून म्हटलं, काम दाखव. काहीतरी खोट निघेल. तर काम एवढं चांगलं केलं बेट्याने की मी पंचाईतीत पडलो. तुम्ही माझं काम सोपं केलंत."

"पण का?"

"आत आलेला भाडेकरू निघत नाही. आणि घरच्यांनाही आवारात... नको होतं." ते थांबले. "समजून घ्या."

घरच्यांना नेमकं काय नको होतं ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. चहा आला, तो घेतला. थंड होईपर्यंत मेजर कप लांब धरून बसले होते.

खडकीहून निघालो तेव्हा मला काय वाटत होतं ते लिहायला हवं, कारण पुढचं त्यातून झालं. मला हलकं वाटत होतं. चाचांची जागा माझ्यामुळे गेली नव्हती. मी खोटारडा होतो, पण निरुपद्रवी खोटारडा. ही बातमी इतकी चांगली होती की मी घरी न जाता तसाच वाघोलीला गेलो.

शेड रस्त्याला लागून होती. ट्रक गेला की सगळी थरथरायची आणि आतल्या प्रत्येक वस्तूवर धूळ बसायची, ताज्या रंगावरसुद्धा. चाचा एका गाडीच्या बॉनेटवर पाण्याने पॉलिश पेपर घासत होते. गाडी मेजरांची होती. म्हणजे अजूनही ती दर दोन-तीन महिन्यांनी खडकीहून इथवर येत होती.

"या मास्तर," चाचा मान वर न करता म्हणाले. "या खेपेला भिंत कुठली होती?"

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच थांबवलं.

"ते मला त्याच संध्याकाळी कळलं. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, हसून हसून. रबर तुमचं होतं म्हणे. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सल्ला पटला मास्तरांना, भले उशिरा का होईना."

"चुकलो चाचा."

"चुकलात ते पत्र्यात. नंतर जे केलंत त्याला चुकणं म्हणत नाहीत." पेपर पुन्हा फिरू लागला. "झालं ना बोलून? चहा घेणार?"

तिथेही थांबता आलं असतं. मला थांबायच्या जागा नेहमी दिसतात.

"पण गॅरेज माझ्यामुळे गेलं नाही," मी म्हणालो. "मेजरांना सगळं माहीत होतं. त्यांना द्यायचंच नव्हतं. तेच म्हणाले आज, घरच्यांना आवारात नको होतं म्हणून."

चाचांचा हात बॉनेटवर थांबला. एक ट्रक गेला, शेड थरथरली, धूळ खाली आली. ते ओल्या पत्र्यावर बसणाऱ्या धुळीकडे बघत होते.

"हे कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला खरं कळावं म्हणून."

"सहा-सात महिने मी तुम्हाला शिव्या देतोय मास्तर. रोज, नेमाने. छान चाललं होतं. ड्रॉइंग पाहूनही मेजरसाहेब तुमच्या बोलण्याला फसले बिचारे, असं म्हणायचो. घरीही तेच सांगितलंय, आमच्या हिलाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, मास्तरांनी घात केला." ते माझ्याकडे वळले. "आता घरी काय सांगू?"

 चाचांनी पॉलिश पेपर बादलीत बुडवला, पिळला आणि बॉनेटवर ठेवून दिला. हात फडक्याला पुसले. एकेक बोट पुसत होते.

"मेजरसाहेबांना निरोप द्या. गाडी शनिवारी तयार होईल, न्यायला कुणाला तरी पाठवा. आणि यापुढे त्यांनी खडकीतच कुणीतरी बघावं. का, ते विचारतील. ते तुम्हीच सांगा. तुम्ही छान सांगता."

"मी सांगतो," मी म्हणालो.

"जसं आहे तसं."

"जसं आहे तसं."

शनिवारी मी खडकीला गेलो. मेजर आंब्याखाली उभे राहून ड्रायव्हरला वाघोलीचा रस्ता समजावत होते. मी निरोप दिला. मेजर गोंधळले.

"असं का बरं म्हणाला? काही बोलला का?"

डॉक्टरही तिथेच होता, माझ्याकडे बघत. त्याच्या चेहऱ्यावर आधीच हसू जमायला लागलं होतं. मी तोंड उघडलं की काहीतरी गमतीचं येणार याची त्याला सवय होती.

"वाघोली लांब पडते तुम्हाला, असं म्हणाले," मी म्हणालो.

"हां, ते खरंय," मेजर म्हणाले. "लांबच पडते."